डॉमिनिकाला उतरा: मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुलं पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या सहल समित्यांचे सर्व कार्यकर्ते,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी दिवेआगरची. समुद्राला लागून आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. हिवाळ्यातले तीन-चार महिने मुलाकडे न्यू जर्सीला येते आणि आले की इथल्या मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांना जाते. गेल्या फेब्रुवारीत मंडळाच्या कॅरिबियन क्रूझवर मीही होते. रविवारी पोर्तो रिकोच्या सान हुआनहून निघायचं, सोमवार ते शुक्रवार रोज एक बेट, शनिवार समुद्रावर, रविवारी परत. आपली बेचाळीस माणसं. कुणाचे व्हिसाचे कागद, कुणाच्या गुडघ्यांसाठी चाकाची खुर्ची, कुणाचा चतुर्थीचा उपास, सगळं कार्यकर्त्यांनी नोकऱ्या सांभाळून निभावलं. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. तरीही त्या आठवड्यातला एक दिवस मनात सलतो आहे. घरी परतल्यावर टेक्सासच्या, कॅलिफोर्नियाच्या, टोरंटोच्या नातलगांना विचारलं, तर त्यांच्या मंडळांच्या सहलींतही तो दिवस तसाच गेला होता. म्हणून हे पत्र एका समितीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना उघडपणे लिहिते आहे.

तो दिवस बुधवारचा, डॉमिनिकाचा. मोबाइलवर कार्यक्रम आला होता, तो असा: “बुधवार. डॉमिनिका. इथे विशेष काही नाही. सकाळी जहाजावर तंबोला, दुपारी अंताक्षरी.” बेचाळीसपैकी तेवीस जण जहाजावरच राहिले. बारा जणांनी जहाजाकडून सहल विकत घेतली. सून, नात, मी आणि आणखी चौघं असे सात जण स्वतःहून उतरलो.

“इथे विशेष काही नाही” हे चार शब्द पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमातून जावेत, एवढ्यासाठी हे सगळं लिहिणं.

आधी नावाचा घोळ सोडवते, कारण आपल्यातल्या निम्म्यांना आपण डॉमिनिकन रिपब्लिकला आलो असं वाटत होतं. तो देश वेगळा, स्पॅनिश बोलणारा, हैतीच्या शेजारचा. हे डॉमिनिका ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधलं स्वतंत्र राष्ट्र. क्षेत्रफळ ७५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका. वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. राज्यकारभार इंग्रजीत, घरातली बोली क्वेयोल, जिची शब्दसंपत्ती बहुतेक फ्रेंच. स्वातंत्र्य १९७८ चं. कोलंबस ३ नोव्हेंबर १४९३ ला इथून गेला, तो रविवार होता, म्हणून त्याने रविवारचं नाव ठेवलं. मूळच्या कालिनागो लोकांचं नाव त्याहून जुनं आणि त्याहून सुंदर: वाइतुकुबुली, म्हणजे ‘उंच तिची काया’. पहाटे डेकवर गेलात तर या नावाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. समुद्रातून एकदम डोंगर उठतात, ढग त्यांच्या कमरेला. सगळ्यात उंच मोर्न दियाब्लोतें १४४७ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. कळसूबाईला मागे सगळा सह्याद्री आहे. इथे मात्र एवढी उंची जेमतेम पंचवीस किलोमीटर रुंदीच्या बेटावर उभी आहे. मला मचव्यातून दिसणारा आमचाच किनारा आठवला, फक्त डोंगर चार पावलं पुढे सरकलेले.

जहाज रोझो या राजधानीच्या अगदी अंगाला लागतं. डेकवरून बघितलं तर खाली लोकांची छपरं, वाळत घातलेले कपडे, शाळेला निघालेली मुलं. रस्ता ओलांडला की छोटं संग्रहालय आणि त्याच्या मागे दगडी फरशीचा चौक. त्याला ओल्ड मार्केट म्हणतात. तिथे टपऱ्या मांडून बायका बसतात. मी नातीसाठी चौकड्यांच्या कापडाची बाहुली घेतली, फ्रिजला लावायचे दोन मॅग्नेट घेतले आणि सगळ्यांचा एक फोटो काढला.

गाडीत बसल्यावर कळलं की त्याच चौकात गुलामांचा बाजार भरत असे.

हे आम्हाला आमच्या चालक बाईंनी सांगितलं. पन्नाशीच्या होत्या. त्यांचं नाव छापायची परवानगी घ्यायची राहिली, म्हणून लिहीत नाही. मी त्यांना सवयीने ताई म्हणत होते. नातीने अर्थ सांगितला तर त्या मोठ्याने हसल्या आणि मग दिवसभर ताईच झाल्या. त्यांनी गाडी थांबवली, मागे वळल्या आणि सावकाश म्हणाल्या, “फोटो काढला त्याचं काही नाही. पण कुठे उभ्या होतात ते माहीत असू द्या.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. मलाच पुढचा काही वेळ बोलवेना. तंबोलाचे नियम तीन संदेशांत आले होते, या चौकाबद्दल एक ओळही नव्हती.

इंग्रजांच्या बेटांवर गुलामगिरी १८३४ साली कायद्याने गेली, आणि मधली सक्तीच्या ‘उमेदवारी’ची वर्षं संपून माणसं १८३८ ला खरी मोकळी झाली. मोकळ्या माणसांना उसाच्या मळ्यात परत जायचं नव्हतं. मग मळेवाल्यांनी मजूर आणले, ते आपल्याकडून. फातेल रझाक नावाचं जहाज १८४५ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याहून निघालं ते ३० मे ला त्रिनिदादला लागलं. तीन महिन्यांहून जास्त समुद्रावर. १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादला सुमारे १,४४,००० माणसं गेली. डॉमिनिकाच्या शेजारच्या ग्वादलूपला चाळीस हजारांवर. ही माणसं मुख्यत्वे कलकत्त्याच्या आणि मद्रास-पाँडिचेरीकडच्या बंदरांतून गेली. आपल्या रत्नागिरीकडचे गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, गेले ते प्रामुख्याने मॉरिशसला, तेव्हा या बेटांशी आपलं थेट नातं मी ओढूनताणून जोडत नाही. पण फेब्रुवारीतच याच समुद्राकडे निघालेली ती माणसं आणि फेब्रुवारीत पोहण्याच्या तलावाकाठी बसलेली आपण, हे एकाच सहलीत कुणीतरी एकदा मोठ्याने बोलायला हवं.

आणि बाहुलीचं ते कापड! लाल, पिवळ्या, हिरव्या चौकड्या. त्याला इथे ‘मद्रास’ म्हणतात, कारण ते पूर्वी मद्रासकडून हातमागावर विणून येत असे. आज ते डॉमिनिकाच्या राष्ट्रीय पोशाखाचा भाग आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी क्रेओल दिवस असतो, तेव्हा शाळेतल्या मुलींपासून बँकेतल्या बायकांपर्यंत सगळ्या मद्रास नेसतात, डोक्याला बांधतात.

ताई आम्हाला पहिल्यांदा बोटॅनिकल गार्डनमध्ये घेऊन गेल्या. धक्क्यापासून गाडीने पाच-सात मिनिटं. सपाट जागा, गवत, मोठी झाडं. जिना नाही, चढ नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या खोलीशेजारच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकू गुडघ्यांमुळे उतरल्या नाहीत आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, “डोंगर फार छान दिसत होते गं वरून.” त्यांना खाली आणणं सहज शक्य होतं. कुणी चौकशीच केली नव्हती.

त्या बागेत एक गोरखचिंच आडवी पडलेली आहे आणि तिच्याखाली एक पिवळी शाळेची बस चेपून बसली आहे. २९ ऑगस्ट १९७९ ला डेव्हिड नावाचं वादळ आलं तेव्हाची. बस रिकामी होती. बस कधी काढली नाही, झाडही काढलं नाही. पडलेल्या खोडातून नव्या फांद्या सरळ वर गेल्या आहेत. गोरखचिंच आपल्याकडेही कोकण किनाऱ्याच्या जुन्या बंदरांजवळ दिसते, आफ्रिकेकडून आलेली. बसच्या टपावर तिचं खोड बघून मी तिथेच बसले.

स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा डेव्हिडने या देशातल्या तीन चतुर्थांश लोकांना बेघर केलं. मग १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया आलं. पाचव्या श्रेणीचं, ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर वारा. पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांच्या स्वतःच्या घराचं छप्पर उडालं आणि ते त्यांनीच त्या रात्री समाजमाध्यमावर कळवलं. पासष्ट माणसं मेली किंवा कायमची बेपत्ता झाली. नंतर हिशोब केला तर नुकसान देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या २२६ टक्के निघालं. म्हणजे सगळ्या देशाने सव्वादोन वर्षं राबून जे कमवावं ते एका रात्रीत. आणि हवा तापवण्यात या सत्तर हजार माणसांचा वाटा तो किती!

ताईंनी आकडे सांगितले नाहीत. त्या म्हणाल्या, सकाळी दार उघडलं तर बेट तपकिरी झालं होतं. एकाही झाडाला पान नव्हतं. आयुष्यात कधी न दिसलेली पलीकडच्या डोंगरावरची घरं दिसत होती, कारण मध्ये काही उरलंच नव्हतं.

मला हे समजावून सांगावं लागलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावरून आत गेलं. दुपारची वेळ. आम्ही माजघरात बसून होतो आणि बाहेर पोफळी मोडल्याचे आवाज येत होते, एकामागून एक, फटाके फुटावेत तसे. साडेतीनशे पोफळी होत्या. संध्याकाळी उभ्या राहिलेल्या मोजल्या, एकशेदहा. पोफळ लावली की फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. घराची कौलं आठवड्यात बसतात, वाडी बसत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आळीतली घरं दिसत होती, जी वाडीमुळे कधी दिसली नव्हती. हे मी ताईंना सांगितलं. सून मध्ये भाषांतर करून सांगत होती, पण निम्म्या वेळा तिची गरजच लागली नाही. ताईंनी विचारलं, वीज किती दिवस नव्हती? मी म्हटलं, महिनाभर. त्या म्हणाल्या, आमच्या गावात सात महिने.

हरिकेन हा शब्दही याच समुद्रातल्या मूळ लोकांच्या बोलीतून निघून स्पॅनिश मार्गे जगात पसरला आहे.

दुपारी आम्ही ट्रॅफल्गर धबधब्याला गेलो. दोन धबधबे शेजारी शेजारी, एकाला बाबा म्हणतात, एकाला आई. गाडीतळापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की सज्जा येतो, तिथून दोन्ही दिसतात. पुढे दगडांवरून जायचं ते तरुणांनी. खाली वोटन वेवन गावात गंधकाच्या गरम पाण्याची कुंडं आहेत. पालीजवळच्या उन्हेऱ्याला गेलेल्यांना वास लगेच ओळखू येईल. माझे पाय अर्धा तास त्यात होते आणि पुढचे दोन दिवस जिना सहज चढले. धबधब्याचं वर्णन आणखी करत नाही, फोटो सगळ्यांकडे आहेत.

जेवणाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण जहाजावर राहिलेल्यांपैकी कितीतरी जणांनी “तिथे आपल्याला खायला काय मिळणार” म्हणून उतरायचं टाळलं. या देशाचं राष्ट्रीय पक्वान्न कॅलालू. २०१३ सालापासून. त्याआधी तो मान एका मोठ्या बेडकाच्या पदार्थाला होता, पण रोग पडून तो बेडूक संपत आला, म्हणून लोकांनी त्याला ताटातून सोडवला. आता कॅलालू म्हणजे काय? अळूची पानं, नारळाचं दूध, मिरची. आमचं अळूचं फदफदंच, चिंच-गुळाशिवाय आणि जरा पातळ. रास्ताफारी पंथाचे लोक ‘आयटल’ जेवण करतात, ते पूर्ण शाकाहारी, मांस नाही, मासे नाहीत, मीठसुद्धा बहुधा नाही. आमच्यातल्या दोन कडक शाकाहारी मावश्यांनी रोझोत अशाच एका छोट्या जागी मसुरीची आमटी, उकडलेले अळूचे कंद आणि पिकल्या केळ्याचे तळलेले काप पोटभर खाल्ले. मी नीरफणसाचे काप खाल्ले. आमच्याकडे ते रव्यात घोळवून तव्यावर करतात, इथे निखाऱ्यावर भाजून. शेवटी गवती चहा. चहाची पात परसातली.

ताईंनी पिशवीतून कसावाची भाकरी काढून दिली. कालिनागो लोकांची ही परंपरा. कंद किसायचा, त्यातलं विषारी पाणी पिळून काढायचं, मग तव्यावर भाजायची. मी मावशींना सांगितलं, अहो, तुमच्या चतुर्थीच्या खिचडीतला साबुदाणा याच कंदाचा. कंद मूळचा या बाजूच्या जगातला. काजू, पेरू, पपई, अननस, मिरची, सगळं इकडूनच पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागलं, आणि आपला आंबा असाच फिरत फिरत इकडे आला. या बेटावर मला एक क्षणही परकं वाटलं नाही, गाडीसुद्धा आपल्यासारखी डावीकडून चालते.

कालिनागोंचा प्रदेश बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, जाऊन-येऊन तीन तास मोडतात, म्हणून आम्ही गेलो नाही. १९०३ साली त्यांच्यासाठी ३७०० एकर राखून ठेवले गेले. कॅरिबियनमधल्या किती बेटांवरून मूळ लोक पार पुसले गेले, इथे ते अजून आहेत. २०२३ पासून देशाच्या राष्ट्रपती सिल्व्हानी बर्टन आहेत, पहिल्या स्त्री आणि पहिल्या कालिनागो. आपल्या मंडळांत महिला दिन साजरा होतो, त्या भाषणात हे नाव एकदा यावं.

आणि क्रिकेट. जहाजावर रोज सकाळी नाश्त्याला क्रिकेटवर तास-तास गप्पा मारणारे आपले भाऊ त्या दिवशी वरच होते. धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर विंडसर पार्क मैदान आहे. जुलै २०२३ मध्ये याच मैदानावर मुंबईच्या यशस्वी जयस्वालने पहिल्याच कसोटीत १७१ धावा काढल्या, रोहितनेही शतक केलं आणि अश्विनने बारा बळी घेतले. ताईंना हे सगळं पाठ होतं. फाटकापाशी गाडी थांबवून त्यांनी आम्हाला आत डोकावू दिलं आणि कालिनागो समाजातून वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळलेला पहिला गोलंदाज ॲडम सॅनफर्ड भारताविरुद्धच पदार्पण करून गेला, हेही सांगितलं. माझ्या नातीने बाउंडरीजवळचं एक वाळकं पान वहीत ठेवलं आहे.

आता पैशाचं बोलते. हे समितीने नीट ऐकावं.

सात जणांनी ताईंच्या गाडीला माणशी तीस डॉलर दिले, दोनशेदहा. जेवणाचे चौऱ्याऐंशी. कापड, मसाला, फळं मिळून साठ. एकूण साडेतीनशेच्या वर, आणि त्यातला बहुतेक सगळा पैसा त्या संध्याकाळी रोझोतल्या घरांत गेला. ज्या बारा जणांनी जहाजाकडून त्याच धबधब्याची सहल घेतली त्यांनी माणशी पंचाहत्तर दिले. अशा सहलींच्या किमतीतला मोठा हिस्सा जहाज आणि मधले दलाल ठेवतात, ही या धंद्यातली उघड गोष्ट आहे. आणि जे तेवीस जण जहाजावर राहिले, त्यांचं जेवण, चहा, करमणूक सगळं आधीच जहाजाला दिलेलं. त्यांच्यामागे बेटाला मिळाला तो बंदराचा माणशी काही डॉलरचा कर. बदल्यात दिवसभर गावाच्या तोंडासमोर बारा-तेरा मजल्यांचं जहाज उभं. आपण बेचाळीस जण उतरलो असतो तर आमच्या खर्चाच्या सहापट, म्हणजे दोन हजारांवर डॉलर त्या गावात राहिले असते. आपल्याला ते जाणवलंही नसतं. एवढे तर आपण मंगळवारी दुसऱ्या बेटावर दागिन्यांच्या दुकानात अर्ध्या तासात घालवले.

या बेटांना दुसरा आधार फारसा उरलेला नाही. केळी हे डॉमिनिकाचं मोठं पीक होतं, छोट्या शेतकऱ्यांचं, डोंगर उतारावरचं. युरोपच्या बाजारात त्यांना सवलत होती. अमेरिकेने आणि लॅटिन अमेरिकेतल्या केळीवाल्या देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, १९९७ मध्ये निकाल त्या सवलतीच्या विरोधात गेला आणि शेतकरी एकेक करून बाहेर पडले. बेटावर १९७८ पासून एक मोठं अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालय होतं. मारियानंतर ते बार्बाडोसला गेलं. उरतो तो पाहुणा. आणि पाहुणा जहाजावर तंबोला खेळत असेल तर त्या बायकांनी टपऱ्या कुणासाठी मांडायच्या?

जहाजाला मात्र बेट हवंच असतं. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज फ्लोरिडाहून निघून, अमेरिकेची दुसरी बंदरं घेत फ्लोरिडाला परत येणार असेल तर मध्ये परक्या देशाचं बंदर लागलंच पाहिजे. आणि बहुतेक मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा अशा झेंड्यांखालीच चालतात. म्हणजे ज्या सहलीला आपण “जहाजाची सहल” म्हणतो ती बेटांच्या जिवावर उभी आहे.

तर माझी मागणी. डॉमिनिकाचा बुधवार मोकळा ठेवा. तंबोला शनिवारी समुद्रावर खेळता येईल, अंताक्षरी रात्री. बेचाळीस जणांना चौदा आसनांच्या तीन गाड्या पुरतात. डिस्कव्हर डॉमिनिका अथॉरिटी ही तिथली सरकारी पर्यटन संस्था आहे, परवानाधारक वाटाड्यांची चौकशी तिच्याकडे होते, आणि हे काम एक-दोन महिने आधी घरबसल्या करता येतं. “जहाज सुटलं तर?” ही भीती मला मान्य आहे, ती खरी आहे. जहाज स्वतःच्या सहलींसाठी थांबतं, आपल्या गाडीसाठी थांबणार नाही. म्हणून लांब जाऊ नका. बाग, धबधबा, कुंडं, रोझोत जेवण. शेवटच्या वेळेच्या दीड तास आधी गावात परत या आणि तो दीड तास बाजारात घालवा. आम्ही तीनला परत होतो.

गुडघे दुखणाऱ्यांची एक वेगळी गाडी करा, बाग आणि जेवण एवढंच. त्यांना डेकवर सोडू नका.

जवळ एक आणि पाच डॉलरच्या नोटा ठेवायला सांगा. सुटे पैसे तिथल्या पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये मिळतात, एका अमेरिकन डॉलरला २.७०, हा दर १९७६ पासून बदललेला नाही, तेव्हा फसवणुकीची शंका नको. मुलांना लष्करी ठिपक्यांचे कपडे घालू नका, तिथे कायद्याने बंदी आहे. पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नका, आपल्या गावात कुणी फिरलेलं आपल्याला चालेल का? आणि कुणाशीही बोलण्याआधी “गुड मॉर्निंग” म्हणा, जमलं तर “बोंजू”. किंमत विचारायच्या आधी नमस्कार, ही तिथली रीत आहे. आमच्यातल्या एका गृहस्थांनी सरळ “हाऊ मच” विचारलं तर टपरीवरची आजी गप्प बसून राहिली. नातीने जाऊन “बोंजू” म्हटलं, तिला एक पेरू फुकट मिळाला.

ओल्ड मार्केटबद्दल दोन ओळी कार्यक्रमात छापा. तिथे खरेदी जरूर करावी, त्या टपऱ्यांवर आज तिथे विकल्या गेलेल्या माणसांच्याच वंशजांची पोटं चालतात. पण पाऊल टाकण्याआधी माहीत असावं.

पुढच्या फेब्रुवारीच्या सहलीचा तक्ता अजून कच्चा आहे असं कळलं. मी परवा ताईंना फोनवर आमच्या वाडीचा फोटो पाठवला. निसर्गनंतर लावलेल्या पोफळींपैकी काहींना यंदा पहिली पोय आली आहे. त्यांनी लगेच त्यांच्या अंगणातल्या नीरफणसाचा फोटो पाठवला, मारियात मोडलेल्या बुंध्यातून फुटलेला, छपराच्या वर गेलेला. खाली विचारलं आहे, फेब्रुवारीत किती माणसं येणार? गाड्या दोन सांगू की तीन?

आकडा तुमच्याकडून आला की मी त्यांना कळवते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दिवेआगरची एक वाडीकरीण
सध्या मुक्काम न्यू जर्सी